गल्लीतलं पाचवं घर

माझ्या बायकोला वाटतं, तिला माझं सगळं माहीत आहे. माझा तापटपणा, माझं घोरणं, भाकरीचा पापुद्रा आधी सोलून खायची सवय — सगळं. ही एक गोष्ट तिला माहीत नाही. आईला माहीत नव्हती, ती तशीच गेली. वडिलांना नाही, मित्रांना नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून. दुसरं काही चांगलं कारण असतं तर बरं झालं असतं, पण नाही.

आधी थोडं माझ्या धंद्याबद्दल बोलावं लागेल. टाळाटाळ करतोय असं समजू नका — म्हणजे करतोयच, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी परभणीत स्पर्धा परीक्षांचा क्लास चालवतो. जिंतूर, पाथरी, गंगाखेड, कुठून कुठून पोरं येतात. कुणाला तलाठी व्हायचं असतं, कुणाला फौजदार. त्यांच्या अभ्यासात एक प्रकरण आहे — शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टं. जगातल्या देशांनी मिळून ठरवलेली. पहिलं दारिद्र्य संपवायचं, दुसरं भूक, तिसरं आरोग्य, चौथं शिक्षण, पाचवं बाईमाणूस-पुरुषमाणूस यांची बरोबरी, सहावं पाणी, असं करत करत सतराव्या भागीदारीपर्यंत. वाचायला सोपं. पण परीक्षेत जोड्या लावायला येतात, आणि मग अकरावं कोणतं आणि बारावं कोणतं यात भल्याभल्यांची दांडी उडते. माझीही उडाली होती. मी स्वतः परीक्षा द्यायचो तेव्हा या दोघांची अदलाबदल केली आणि थोडक्यात राहिलो. थोडक्यात राहिलेला माणूस पुढं क्लास काढतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

त्या निकालानंतर अभ्यासिकेत माझ्या शेजारी बसणाऱ्या एकानं मला उपाय सांगितला. म्हणाला, ओळखीची वाट घे. त्या वाटेवरच्या एकेका ठिकाणी एकेक उद्दिष्ट ठेव. ठेवताना मात्र साधंसुधं ठेवू नको. हसू येईल असं ठेव, नाहीतर लाज वाटेल असं. साधं चित्र डोकं फेकून देतं.

मला वाट शोधावी लागली नाही. ताडकळसला आमचं घर, आणि घराखालीच आमचं किराणा दुकान. किराणा दुकानदाराच्या मुलाला शेजारपाजारचं काय माहीत नसतं? कुणाकडं तेल छोट्या बाटलीतून जातं, कुणाकडं जावई आला की साखर वाढते, कुणाच्या घरून चार दिवसांत कुणी काहीच न्यायला आलं नाही. आम्ही लिंगायत, शेजारी मराठे, पलीकडं आणखी कुणी — दुकानात बसलं की सगळी घरं सारखीच उघडी दिसतात.

एका दुपारी मी आमच्या माडीवर बसून अख्खी गल्ली भरून टाकली. पहिल्या घराला दार नव्हतं, पोतं टांगलेलं — दारिद्र्य. दुसऱ्या घरची चूल थंड — भूक. तिसऱ्या घरी बाजेवर खोकत पडलेले अण्णा — आरोग्य. चौथ्या घरी दहावीत रुतून बसलेला बंडू — शिक्षण. सातव्या घरी तारेवर आकडा टाकून लावलेला दिवा — ऊर्जा. तेराव्या घरचे नाना पाऊस लांबला की अंगणात उभं राहून आभाळाला शिव्या घालायचे, त्यांच्याकडं हवामान दिलं. चौदाव्या घरच्या हौदात एक कासव होतं, त्याला पाण्यातलं जीवन दिलं. आणि सतरावं घर आमचं स्वतःचं — भागीदारी, सलोखा, सगळ्यांशी गोडी. आपल्या वाट्याला नेमकं तेच आलं! मोजायला कुठून सुरुवात करायची, हे मीच ठरवलं होतं म्हणा.

मधली काही घरं सोडून दिली, पण पाचवं राहिलं, नाही का? मुद्दामच राहिलं.

पाचवं घर माणिककाकांचं. काका चार लोकांत फार शांत. मोठ्यानं बोलताना त्यांना बाहेर कुणी ऐकलं नसेल. घरात मात्र त्यांचं डोकं फिरलं की ते सुमनकाकूला बाहेर काढायचे आणि आतून कडी लावून घ्यायचे. भर उन्हात. गल्लीतून माणसांची ये-जा चालू असायची. अशा वेळी काकू काय करायची माहीत आहे? ओट्यावरच्या खुंटीला सूप लटकवलेलं असायचं, ते काढायची आणि पाखडायला बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, बाई कामाला बसलीय. आमच्या दुकानाची डाळ तीच पाखडून, निवडून द्यायची, त्यामुळं तिच्या हातात सूप असण्यात कुणाला वावगं वाटत नसे. पण आमच्या माडीवरून मला सुपाच्या आतलं दिसायचं. आत काही नसायचं. रिकामं सूप ती पाखडत राहायची, त्याच तालात, मधूनच फुंकर मारत, दार उघडेपर्यंत.

एकदा तिच्या शेजारी तिची लेक बसली होती. अश्विनी. अगदी लहान, शाळेतही जात नव्हती. तिनं मान वर केली आणि मला पाहिलं. मी खिडकी लावून घेतली.

मी तेव्हा कॉलेजात होतो. लहान नव्हतो. खाली उतरून समोर जाऊन दार वाजवलं असतं, तर काका मला काही करणार नव्हते. 'काका, काकू उन्हात हाय,' एवढं म्हणायचं होतं. दुसऱ्याच्या घरात कशाला पडायचं, असं गल्लीत सगळेच म्हणायचे. मीही म्हणालो आणि खिडकी लावून पुस्तक उघडलं.

पुढं कित्येक वर्षांनी पाचव्या उद्दिष्टासाठी चित्र हवं होतं, तेव्हा ते सूप मला आयतं सापडलं. आणि काय पक्कं बसलं! बाकीची चित्रं मला घोकावी लागली, ते एकदाही घोकावं लागलं नाही.

क्लास काढला आणि ही गल्ली मी पोरांना शिकवायला लागलो. नावानिशी. नावं असली की लक्षात चांगलं राहतं, हे कारण मी स्वतःला दिलं होतं. परभणीतल्या पोरांना कुठं ठाऊक, माणिकराव कोण आणि अण्णा कोण? पोरं खूश व्हायची. मी हातवारे करून सांगायचो — अण्णांचा खोकला, नानांच्या शिव्या. आणि पाचव्या घराशी आलो की दोन्ही हात पुढं धरून रिकामं सूप पाखडायचो, फुंकर मारायचो, आणि चोरट्या नजरेनं गल्लीत बघायचो — तिच्यासारखं. वर्ग हसून हसून लोटपोट. मी विचारायचो, "पाचवं घर?" आणि सगळी ओरडायची, "रिकामं सूप!" 'सरांची गल्ली' म्हणून ती गाजली. कुणीतरी मोबाइलवर उतरवून घेतली, फिरवली. परभणीत क्लास पुष्कळ आहेत. पोरं माझ्याकडं गल्लीसाठी यायला लागली. मला हे आवडत होतं. खोटं कशाला बोलू? फार आवडत होतं.

आणि मग एके दिवशी बारावी झालेली अश्विनी क्लासमध्ये येऊन बसली.

ताडकळसहून रोज एसटीनं यायची. काकूनं नवऱ्याशी किती झगडून तिला पाठवलं असेल, ते मला कळायला हवं होतं. 'आपल्या गल्लीतलेच सर हायेत, घरचेच हायेत' — याच एका गोष्टीवर माणिककाका तयार झाले होते. पोरगी हुशार. कधी प्रश्न विचारायची नाही, पण सराव परीक्षेत तिच्या पुढं कुणी जायचं नाही.

ती आली आणि मी पाचव्या घरचं नाव घ्यायचं सोडलं. एवढी अक्कल होती मला! नाव सोडलं, पण सूप सोडलं नाही. सूप सोडलं तर उरलं काय? त्या आठवड्यात गल्ली शिकवली तेव्हा मी फळ्याकडं तोंड करून पाखडलं. जणू त्यामुळं ती ओळखणार नव्हती.

तास सुटल्यावर ती थांबली. क्लासमध्ये ती मला सर म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही.

"दादा, पाचवं घर तेवढं बदला. बाकीचं ऱ्हाऊ द्या. तेवढं बदला."

रडत नव्हती, चिडलेली नव्हती. दुकानात येऊन पावशेर साखर मागावी, तसं मागितलं तिनं. मी म्हणालो, "हो गं, उद्यापासून बदलतो." मनापासून म्हणालो होतो — निदान तेव्हा तसं वाटलं. घरी जाऊन दुसरं चित्र शोधलंही. तराजूची दोन पारडी समान. किती फिकं, किती पुस्तकी!

नंतर काही दिवसांनी नवी बॅच सुरू झाली. पहिला तास फुकट असतो, त्यावरच पोरं ठरतात. हॉल खच्चून भरलेला, जुनी-नवी सगळी एकत्र. मी गल्ली सुरू केली. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. पोरं रंगात आलेली. पाचव्याला मी तराजू म्हणणार होतो. शपथेवर सांगतो, म्हणणार होतो. पण माझे हात आपोआप पुढं आले आणि पाखडायला लागले. हॉल ओरडला, "रिकामं सूप!"

अश्विनी दुसऱ्या बाकावर होती. आजूबाजूच्या मुली तिच्याकडं बघत होत्या, कारण सरांच्या गावची, ताडकळसची, तीच एकटी. तिनं एकदा माझ्या हातांकडं पाहिलं. आणि मग तीही म्हणाली. सगळ्यांबरोबर, तोंड उघडून, हसत — "रिकामं सूप."

मी थांबलो का? नाही. सहाव्या घराला गेलो.

तुम्हाला वाटेल, कबुली ही. नाही. हेच असतं तर मी कधीतरी बायकोला सांगून मोकळा झालो असतो.

झालं असं, की ती क्लास सोडून गेली नाही. मला वाटलं होतं, जाईल. खरं सांगू का, मला ती जायला हवी होती. पण ती रोज यायची, दुसऱ्या बाकावर बसायची आणि सगळं उतरवून घ्यायची. मला रोज वाटायचं, आज सांगेल. ही घरी सांगेल, काकू आईला सांगेल, मग अण्णांच्या घरी कळेल, बंडूला कळेल, पोतं टांगलेल्या घराला कळेल. सगळी गल्ली वडिलांच्या दुकानापुढं येऊन उभी राहील — तुमच्या पोरानं आमचा तमाशा मांडला म्हणून. वडिलांनी तिथं जन्म काढलेला. सकाळी निघताना वाटेत दिसणारा प्रत्येक माणूस 'शरणार्थ' म्हणून हात जोडायचा त्यांना. मला ताडकळसला जायचीच भीती वाटायला लागली, आणि न गेलो तर आई विचारायची, का आला नाहीस. इकडं क्लासमध्ये ती समोर, तिकडं गल्लीत तिचं घर समोर. जाणार कुठं?

तेवढ्यात माणिककाका माझ्याकडं आले. मी रविवारी दुकानात बसलो होतो, वडील जेवायला वर गेले होते. काका ओट्यावर टेकले, तंबाखू मळली. म्हणाले, "पोरीचं जमायलंय का तिथं? राणीसावरगावचं एक स्थळ आलंय. पोरगं चांगलंय, शेतीवाडी हाय. तिची माय म्हणती, थांबा अजून दोन वर्सं. मी म्हणलं, सरांनाच इचारू. तुमी म्हणाल तसं."

तुमी म्हणाल तसं! तो माणूस, जो बायकोचं कधी ऐकत नव्हता, तो माझ्या तोंडाकडं बघत होता. 'जमायलंय' म्हणालो असतो, तर पोरगीचं लग्न थांबलं असतं. 'काका, हिच्यासारखी माझ्याकडं दुसरी न्हाई' — हे खरं होतं, आणि हे म्हणायला माझं काहीच जाणार नव्हतं.

मी म्हणालो, "काका, खरं सांगू का? तिच्यानं न्हाई व्हायचं. मन न्हाई तिचं अभ्यासात. खामखा येण्याजाण्यात जीव आटवती. स्थळ चांगलं असंल तर सोडू नका."

बस. हे आहे ते. घाबरून नव्हे — घाबरलो होतो, पण शब्द अगदी सावकाश, विचार करून बोललो. सर बोलतात तसं बोललो. काकांनी मान हलवली, तंबाखू तोंडात टाकली आणि समोर पाचव्या घरात निघून गेले. मला हलकं वाटलं. त्या क्षणी मला हलकं वाटलं, हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

लग्नाला मी गेलो होतो. अक्षता टाकल्या, जेवलो. जिलेबी दुसऱ्यांदा घेतली. अश्विनी पाया पडायला आली, तेव्हा नवऱ्याला म्हणाली, "हे आमचे सर." आणखी काही नाही. मी काय बोललो होतो, ते तिला ठाऊक आहे की नाही, याचा मी त्या मांडवात अंदाज घेत होतो. नसेल, अशी माझी समजूत करून घेतली.

पुढं मी गल्ली खरंच बदलली. रेल्वे स्टेशनपासून क्लासपर्यंतचा रस्ता घेतला — पानपट्टी, रसवंती, झेरॉक्सचं दुकान. पोरांना तो चढला नाही. "सर, जुनी गल्ली सांगा ना," म्हणतात. त्यांना ती वरच्या बॅचकडून आलेली असते, मोबाइलमधून आलेली असते. मी शिकवो न शिकवो, तास चालू झाला की मागून कुणीतरी हात पुढं करून पाखडायला लागतं आणि वर्गात हशा फुटतो. लक्षात ठेवायच्या माझ्याकडं डझनभर युक्त्या आहेत. विसरायची एकही नाही, कुणी शिकवतही नाही. परीक्षेला बसलेली कितीतरी पोरं आजही पाच नंबरशी आली की ताडकळसच्या एका ओट्यावर जातात, जिथं ती कधी गेलेली नाहीत, आणि काकूला तिथंच बसलेली पाहतात. तिला त्या उन्हातून मी उठू दिलेलं नाही.

यंदा संक्रांतीनंतर गावी गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. मी दुकानाच्या मागच्या दारानं जातो आता. गल्लीतून जायचं टाळतो. पण काकूनं मला गाठलंच. पिशवी पुढं केली. "घरची तूर हाय. डाळ केलीय. घ्या सर, परभणीला असली मिळायची न्हाई."

मी नको म्हणालो. तिनं पिशवी माझ्या हातात कोंबली. म्हणाली, "तुमचे उपकार कवा फेडू? तुमी खरं बोललात म्हणून आमी येळंवर शहाणे झालो. अश्विनी लय रडली तवा. म्हणली, सर असं म्हणूच शकत न्हाईत. मी म्हणले, बाई, दादा कशाला खोटं बोलतील? आपल्याच गल्लीतले हायेत."

म्हणजे मांडवात तिला ठाऊक होतं. पाया पडताना ठाऊक होतं.

काकू बोलत राहिली. अश्विनीचा दीर परीक्षा द्यायलाय, ती त्याला शिकवती. ते सतरा का काय असतं, ते तिनं त्यांच्या तिथल्या गल्लीवर बसवलंय. बाकी सगळी घरं राणीसावरगावची. "पण पाचवं घर म्हणे आपल्या ताडकळसचंच ठेवलंय," काकू हसली, तिला त्याचं कौतुक वाटत होतं. "तिथं तुमालाच बसवलंय. मी इचारलं, सर काय करतेत तिथं? तर म्हणली, माडीवर उभे हायेत आन् खिडकी लावून घ्यायलेत. मी म्हणलं, ऊन लागत असंल त्यांना."

मी हो म्हणालो. ऊन लागत होतं, म्हणालो.

परभणीला घरी आलो आणि पिशवी बायकोच्या हातात दिली. तिनं डाळ ताटात पसरली, खिडकीशी उजेडाला नेली, बोटं फिरवून पाहिली. म्हणाली, "यात निवडायला काहीच नाही हो."